पाड्यावरील चित्रसाहित्य आणि त्याच्या साठवणीचा इतिहास

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्याचे तेथील लोक पूर्वीपासून दोन भाग मानत आले आहेत. पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, डहाणू अशी समुद्र आणि रेल्वेमार्ग यांच्या आधाराने वाढलेली ती बंदरपट्टी आणि तिच्या पूर्वेला तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतून सह्याद्रीपर्यंत चढत गेलेली ती जंगलपट्टी. या दुसऱ्या पट्टीतील आणि दोहोंच्या सीमेवरील पाड्यांमध्ये, म्हणजे मूळ गावापासून सुट्या असलेल्या लहान वस्त्यांमध्ये, जी भित्तिचित्रे काढली जात ती आज वारली चित्रकला या नावाने सर्वत्र ओळखली जातात. या चित्रांतील त्रिकोणी देहांवर, फेर धरलेल्या नर्तकांवर आणि देवचौकावर विपुल लेखन झाले आहे. तथापि ही चित्रे ज्या द्रव्यांनी काढली जातात ती कोठून आली, ती कोणी आणि कशात ठेवली, आणि काही ठेवण्याची गरज मुळात केव्हा निर्माण झाली, या बाजूने या कलेच्या इतिहासाकडे फारसे पाहिले गेलेले नाही. तसे पाहिल्यास एक गोष्ट ठळकपणे दिसते. चित्राचे साहित्य साठवून ठेवणे ही वारली चित्रकलेतील अवघ्या अर्धशतकाची बाब आहे, आणि भिंतीवरून कागदावर झालेल्या स्थित्यंतराइतकेच महत्त्व या बदलालाही दिले पाहिजे.

मूळ प्रसंग लग्नाचा. वधूच्या आणि वराच्या घरात लग्नापूर्वी एका भिंतीवर चौक लिहिला जातो. चौक म्हणजे नक्षीच्या पट्ट्यांनी चारी बाजूंनी वेढलेली चौकट असून तिच्या मध्यभागी पालघट ही सर्जनाची देवता असते, आणि शेजारच्या लहान चौकटीत पाच शिऱ्या हा घोड्यावरचा देव असतो. हे काम सवाशिणींचे, म्हणजे ज्यांचे पती हयात आहेत अशा स्त्रियांचे असते, आणि लग्नविधीतील गाणी म्हणणारी धवलेरी आपल्या गाण्यांतून त्या देवतांना चौकात बोलावते. घराची भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर माती आणि शेण लिंपून केलेली असते. लग्न ठरले की ती भिंत पुन्हा सारवली जाते, तिच्यावर गेरूचा हात दिला जातो, तांदूळ भिजवून पाट्यावर बारीक वाटले जातात, त्या पिठात पाणी मिसळून पातळ पांढरा रंग केला जातो आणि बांबूच्या कामटीचे टोक चावून किंवा ठेचून त्याचा कुंचला केला जातो. रंग लागेल तेवढाच वाटला जातो, कारण उष्ण हवेत तांदळाचे वाटण दुसऱ्या दिवशी आंबू लागते. कुंचला काम संपले की टाकून दिला जातो, उरलेल्या गेरूने उंबऱ्याशेजारचा एखादा कोपरा सारवला जातो, आणि लग्न पार पडल्यावर चौक भिंतीवरच राहून धुराने काळवंडत, पोपडे धरत पुढच्या सारवणाखाली नाहीसा होतो. म्हणजे या कलेत पेटी नव्हती, फडताळ नव्हते, जपून ठेवायचे हत्यार नव्हते आणि जपून ठेवायचे चित्रही नव्हते.

साहित्य मात्र आकाशातून पडत नव्हते. भिंतीसाठी लागणारी कारवी जंगलातून आणावी लागे, शेण गोठ्यातून येई आणि सर्वांत मोलाचा घटक असलेला पांढरा रंग घरातल्या कणगीतून येई. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली धान्याची उंच कोठी. ती जमिनीच्या ओलीपासून दूर राहावी म्हणून दगडांवर किंवा लाकडी ओंडक्यांवर उभी केली जाते, आणि भात भरून झाल्यावर तिचे तोंड झाकून शेणाने बंद केले जाते. बियाण्यासाठी वेगळी तजवीज असते: राख चोळून ठेवलेले बी, पेंढ्यात आवळून बांधलेली भाताची मुडी, आतला गर काढून वाळवलेल्या दुधी भोपळ्यात ठेवलेले भाजीपाल्याचे बी, आणि चुलीचा धूर सतत लागत राहील अशा बेताने आढ्याला टांगलेली कणसे. या धुराचे महत्त्व विशेष लक्षात घेण्यासारखे आहे, कारण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात ओल, बुरशी आणि कीड यांच्यापासून वस्तू वाचवण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन होते. वारली घराने साठवणीचे शास्त्र पुरते आत्मसात केलेले होते, परंतु ते अन्नासाठी आणि बियाण्यासाठी. चित्रासाठी निराळा साठा करण्याचे प्रयोजन नव्हते, कारण रंग आणि अन्न हे एकाच कणगीतून निघत होते.

या वस्तुस्थितीमुळे इतिहासकारापुढे एक कायमची अडचण उभी राहते. वारली चित्रांचे प्रागैतिहासिक गुहाचित्रांशी असलेले साम्य दाखवून ही परंपरा हजारो वर्षांची असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते, आणि ते साम्य डोळ्यांना पटण्यासारखे आहेही. परंतु ज्या कलेचा प्रत्येक नमुना काही हंगामांत मातीत मिसळून जात असे, तिचे वय ठरवण्यासाठी हाती धरता येईल असा जुना नमुनाच शिल्लक राहत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील ठाणे जिल्ह्याचा १८८२ चा खंड वारल्यांच्या राहणीची नोंद घेतो, आणि के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. तथापि चौकाची रचना, त्याच्याशी निगडित गाणी आणि विधी यांचा कलेच्या अंगाने सविस्तर अभ्यास यशोधरा दालमिया यांच्या १९८८ सालच्या ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ या पुस्तकात आला, आणि तोपर्यंत चित्रे कागदावर उतरून दीड दशक होत आले होते. परंपरेच्या प्राचीनतेविषयीची ठाम विधाने म्हणूनच जपून स्वीकारावी लागतात. जे साठवले गेले नाही त्याची कालगणना करता येत नाही, आणि यात परंपरेचा कसलाही कमीपणा नाही.

कणगीवर अवलंबून असलेल्या या व्यवस्थेला एक कठोर बाजूही होती आणि तिचा उल्लेख टाळून हा इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतील बहुतेक जमीन जमीनदार आणि सावकार यांच्या ताब्यात गेली होती, आणि वारली कुळाच्या घरातले भात पावसाळा संपण्याच्या आतच संपत असे. अशा वेळी पोटासाठी धान्य उसने घ्यावे लागे. त्याला खावटी म्हणत, आणि नवे पीक आले की ती वाढीसह फेडावी लागे. म्हणजे धान्याचा खरा साठा पाड्यावरील कणगीत नसून सावकाराच्या कोठारात असे. लग्नाचा खर्च तर त्याहून अवघड होता. लग्नासाठी पैसे आणि धान्य उचलणारा तरुण त्या कर्जापोटी आपल्या बायकोसह जमीनदाराकडे राबत राही, आणि अशा वेठबिगाराला लग्नगडी हेच नाव पडले होते. ज्या लग्नात तांदळाच्या रंगाने पालघट लिहिला जाई, त्याच लग्नाने माणूस बांधला जाई. खर्च झेपत नसल्यामुळे अनेक जोडपी एकत्र राहू लागत आणि लग्नविधी बऱ्याच वर्षांनी, कधी मुले झाल्यानंतरही, उरकला जाई. सरकारने नेमलेल्या डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालाने या पिळवणुकीवर बोट ठेवले, आणि २३ मे १९४५ रोजी झरी येथे भरलेल्या वारल्यांच्या सभेनंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेचा जो लढा उभा राहिला, त्याने वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा नोंदला गेला आहे. भिंतीवर रंगासाठी वाटल्या जाणाऱ्या मूठभर तांदळाला त्या काळात किती किंमत होती, हे या पार्श्वभूमीशिवाय कळत नाही.

याच पाड्यांवर साठवणीवाचून चालणार नाहीत अशा दुसऱ्या कलाही होत्या. तारपा हे फुंकून वाजवण्याचे लांबलचक वाद्य वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण यांपासून तयार होते. हे सर्व घटक वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी हाती येतात, म्हणून ते गोळा करून ठेवावे लागतात. भोपळा वेलावर पूर्ण पिकू द्यायचा, उतरवल्यावर महिनोन्महिने वाळवायचा, त्याला कीड लागू नये म्हणून चुलीच्या वर टांगायचा, आणि त्याच्या आकाराकडे पाहून त्यातून कोणता स्वर निघेल याचा अंदाज बांधायचा, हे काम हंगामाच्या कितीतरी आधी सुरू होते. भात पिकू लागले की तारपा खाली उतरवतात, आणि एरवी तो आढ्याला असतो. जव्हार-मोखाड्याकडील बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातही साठवण हा विधीचाच भाग आहे. देव, दैत्य आणि प्राणी यांची सोंगे ठरावीक घराण्यांकडे परंपरेने चालत आलेली असतात, आणि ज्याच्याकडे सोंगाचा मान त्याच्याच घरात मुखवटा वर्षभर जपला जातो. पूर्वी हे मुखवटे लाकडाचे असत. नंतर कागदाचा लगदा, कापड आणि चिंचोक्याची खळ यांपासून ते हलके केले जाऊ लागले, आणि खळीला कीड व उंदीर लागत असल्याने त्यांची राखण अधिक काळजीने करावी लागू लागली. चित्रकलेत पुढे ज्या अडचणी आल्या त्यांची उत्तरे काही प्रमाणात या दोन कलांनी आधीच शोधून ठेवली होती, असे म्हणण्यास जागा आहे.

बदलाची सुरुवात १९७० च्या दशकाच्या आरंभी झाली. बिहारमध्ये १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांना भिंतीऐवजी कागदावर चित्रे काढण्यास देऊन त्यांना उत्पन्नाचे साधन मिळवून देण्याचा प्रयोग अखिल भारतीय हस्तकला मंडळाने पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने केला होता, आणि तेथे काम केलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी नंतर डहाणू तालुक्यातील गंजाड येथे आले. त्यांनी पाड्यांवर कागद आणि पांढरा पोस्टर रंग दिला. तपकिरी कागदामुळे गेरूच्या भिंतीचा भास आपोआप साधत असे, म्हणून तोच अधिक वापरला गेला. गंजाडच्या कळंबीपाड्यावरील जिव्या सोमा म्हसे यांनी या नव्या पृष्ठभागावर जे केले ते सर्वज्ञात आहे. विधीच्या चौकटीतून चित्र बाहेर काढून त्यांनी शेत, जाळे, वारूळ, लग्नाची वरात, पाऊस हे सारे विषय रेषा आणि टिंब यांत पकडले. त्यांची चित्रे १९७० च्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या केमोल्ड कलादालनात लागली, १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली आणि १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

कागद घरात आला त्या दिवसापासून त्याला जागा लागू लागली. कुडाच्या घरात सपाट, कोरडी, उंदरांपासून सुरक्षित अशी जागा जवळपास नसतेच. भिंत ओल धरते, जमीन वरचेवर सारवली जाते, छपराखाली धूर असतो आणि गोठा त्याच छताखाली असतो. जो धूर बियाण्याला तारतो तोच कागदाला पिवळा आणि ठिसूळ करतो, म्हणून आढ्याची जागा येथे उपयोगाची राहिली नाही. तांदळाचा रंग भिंतीवर निर्धास्त होता, कारण तो टिकावा अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. कागदावर मात्र त्यातील पिठूळपणा कसर आणि झुरळे यांना आमंत्रण ठरू लागला, घडी पडली की त्याचे कण गळू लागले, आणि विकत घेणाऱ्याला चित्र वर्षानुवर्षे टिकायला हवे असल्याने डिंकाचे प्रमाण वाढवणे, पोस्टर रंगाकडे वळणे आणि शेवटी ॲक्रिलिक वापरणे अशा पायऱ्या क्रमाने आल्या. ॲक्रिलिकच्या स्वीकाराकडे परंपरेपासून ढळणे म्हणून पाहणारे अभ्यासक आहेत, परंतु पत्र्याच्या पेटीत चार महिने पावसाळा काढून चित्र विक्रीपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याच्या बाजूने पाहिले असता तो निर्णय शहाणपणाचाच होता, असे म्हणावे लागते.

या स्थित्यंतरात जन्माला आलेली सर्वांत मौलिक वस्तू म्हणजे शेणाने सारवलेले कापड. कागद फाटतो आणि लहान असतो, तयार कॅनव्हास महाग पडतो, आणि दोन्हींना भिंतीचा पोत नसतो. म्हणून जाडसर सुती कापड घेऊन त्यालाच भिंतीप्रमाणे लिंपण्याची पद्धत रूढ झाली. ताजे शेण पाण्यात कालवून फडक्यातून गाळून घेतात, म्हणजे गवताच्या काड्या आणि रेषे वर राहतात. गाळलेल्या पाण्यात डिंक किंवा बाजारात मिळणारा पांढरा गोंद मिसळतात, ताणून धरलेल्या कापडावर ते मिश्रण हाताने किंवा रुंद कुंचल्याने सारखे फिरवतात आणि सावलीचा व उन्हाचा अंदाज घेत वाळवतात. कडक उन्हात एकदम वाळले तर थर तडकतो, आणि ढगाळ हवेत रेंगाळला तर त्याला वास येऊन बुरशी धरते. गुराने खाल्लेल्या चाऱ्याप्रमाणे शेणाचा रंग बदलतो. पावसाळ्यातील हिरव्या चाऱ्याचे शेण हिरवट छटा देते, उन्हाळ्यातील पेंढ्याचे पिवळट तपकिरी. म्हणून एका मापाची बरीच चित्रे एका छटेत हवी असतील तर कापडे एकाच वेळी, कोरड्या हंगामात सारवून ठेवणे आवश्यक ठरते. गेरूच्या बाबतीतही तसेच होते: ढेकळे भिजवून, ढवळून, खडा खाली बसू देऊन वरचा गाळ घेतला जातो आणि वाळवलेली पूड डब्यात भरून ठेवली जाते. अशा रीतीने नोव्हेंबर ते मे हा काळ पृष्ठभाग तयार करण्याचा आणि पावसाळा हा घरात बसून बारीक रेखाटनाचा, अशी विभागणी बऱ्याच घरांत आपोआप झाली. मात्र भाताची लावणी आली की कुंचले बाजूला ठेवावेच लागतात, कारण चित्रकार हा शेतकरीही असतो.

साहित्याच्या या प्रवासात स्त्रियांचे स्थान बदलले, आणि याची नोंद आदरपूर्वक तरीही स्पष्टपणे घेतली पाहिजे. चौक लिहिणे हे त्यांचे काम होते. त्याचबरोबर कणगी उघडणे, तांदूळ मोजणे, भिजवणे, वाटणे आणि भिंत सारवणे हेही त्यांचेच होते, म्हणजे साहित्य आणि चित्र दोन्ही एकाच हाती होते. कागद आणि तयार रंग बाजारातून येऊ लागल्यावर ते आणणारा, प्रदर्शनाला जाणारा आणि पैसे मोजून घेणारा पुरुष झाला, आणि चित्रकार म्हणून नावही बहुतांशी त्याचे झाले. गेल्या काही दशकांत चित्रकार म्हणून पुढे आलेल्या वारली स्त्रियांची संख्या वाढली आहे, बचतगटांतून त्यांना कामही मिळत आहे. तथापि कापड सारवण्याचे, गेरू गाळण्याचे आणि रंगाची दाटी ठरवण्याचे काम पुरुषाच्या सहीच्या चित्रातही पुष्कळदा घरातील स्त्रीच करते, ही गोष्ट त्या सहीतून कळत नाही.

बंदरपट्टीचा या कलेशी संबंध आला तो बाजाराच्या वाटेने. तारापूर येथील अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, बोईसरच्या परिसरात औद्योगिक वसाहत वाढून रसायने, पोलाद आणि कापड यांचे कारखाने उभे राहिले, आणि त्या कामगारवस्तीच्या गरजांमुळे बोईसरचा बाजार पालघर व डहाणूच्या बरोबरीने मोठा झाला. पूर्वेकडील पाड्यांतून रोजंदारीसाठी बोईसरला येणारी माणसे परतताना कापडाचे तुकडे, गोंद, रंगाच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे घेऊन जाऊ लागली. उपनगरी लोकलगाड्या २०१३ साली डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यावर मुंबईच्या बाजारातून माल आणणे आणि तयार माल तेथे पोहोचवणे आणखी सुकर झाले.

याच बंदरपट्टीत, चिंचणी-तारापूर आणि डहाणूच्या किनारी गावांत, डायमेकिंग हा एक निराळाच हस्तव्यवसाय घरोघरी चालत आला आहे, आणि तुलनेसाठी तो येथे उपयोगी पडतो. डाय म्हणजे पोलादी ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरून केलेला साचा. त्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा दाबला की नक्षी पत्र्यावर उठते. डायमेकरचे सारे भांडवल बारीक छिन्न्या, कानशी आणि कोरलेले ठोकळे यांत असते. प्रत्येक छिन्नीची धार ठरावीक वळणासाठी घासलेली असल्याने तिची जागा ठरलेली असावी लागते, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत पोलाद गंजते म्हणून त्याला तेलाचा हात द्यावा लागतो. येथे साहित्य हेच कलेचे संचित असून ते पिढ्यान् पिढ्या टिकते, आणि अलीकडे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कोरीवकाम हिरावून घेतल्यावर त्या संचिताचेच मोल घसरले. काही मैलांच्या अंतरावर, एका बाजूला काहीच न ठेवणारी कला आणि दुसऱ्या बाजूला सर्व काही ठेवणारी कला नांदत होती, आणि दोघींनाही नव्या बाजाराने आपापल्या पद्धती बदलायला लावल्या.

आज डहाणू, विक्रमगड किंवा पालघर तालुक्याच्या पूर्व भागातील एखाद्या चित्रकाराच्या घरात जी खोली स्टुडिओ म्हणून वापरली जाते, ती बहुधा विटांच्या नव्या बांधकामाची पडवी असते. तिची मांडणी पाहिली की दोन परंपरांचा मेळ दिसतो. मोठी चित्रे पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या नळीवर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलेली असतात, कारण रंग आत ठेवून गुंडाळल्यास उलगडताना थर दाबला जाऊन सुटतो. त्यांमध्ये जुन्या सुती साडीचे पदर घातलेले असतात, आणि नळ्या माळ्यावर आडव्या रचलेल्या असतात. लहान चित्रे पत्र्याच्या पेटीत सपाट ठेवून तीत कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या टाकलेल्या असतात, आणि पेटी कणगीप्रमाणेच दगडांवर किंवा विटांवर उचललेली असते. सारवलेली कोरी कापडे तयार चित्रांपासून दूर ठेवली जातात, कारण ओल आली तर ती सर्वांत आधी कोऱ्या शेणाच्या थरात शिरते. रंगाच्या बाटल्या, कामट्या, बारीक कुंचले आणि गेरूचा डबा हाताशी खालच्या फळीवर असतात. पर्यटकांसाठी आणि भेटवस्तूंसाठी होणाऱ्या मालाने या मांडणीवर मोठा ताण आणला आहे. किल्ल्या अडकवण्याचे लाकडी तुकडे, कपाच्या बशा, ट्रे, मातीची भांडी, दुपट्टे आणि साड्या या प्रत्येकाचा आकार, वजन आणि नाजूकपणा वेगळा असल्याने ज्या घरात एके काळी मूठभर तांदूळ आणि एक कामटी पुरत होती, तेथे आता कोरा माल, अर्धवट झालेला माल, वाळत असलेला माल आणि बांधून ठेवलेला माल अशा चार जागा लागतात. जागेची ही टंचाई कामाच्या स्वरूपावरही परिणाम करते. मोठे, दोन-तीन महिने चालणारे चित्र ताणून ठेवायला भिंत मोकळी नसेल तर चित्रकार लहान मापाकडे वळतो, आणि लहान मापात त्या कलेचा श्वास असलेली गर्दी, म्हणजे एकाच पृष्ठभागावर चाललेले शेकडो देहांचे हालते जग, मावत नाही.

मोठ्या मापाची उत्तम कामे अशा वेळी बाहेर तयार होतात आणि बाहेरच राहतात. जपानच्या निइगाता प्रांतातील तोकामाची येथे तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत मिथिला संग्रहालय सुरू केले. जिव्या सोमा म्हसे यांच्यासह अनेक वारली चित्रकार तेथे महिनोन्महिने राहून काम करून आले, आणि शाळेच्या उंच, कोरड्या, रिकाम्या खोल्यांत मोठ्या कापडांना जी जागा मिळाली ती पाड्यावर मिळणे शक्य नव्हते. ड्युसेलडॉर्फ येथे २००३ साली रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर म्हसे यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. लाँग नदीच्या गाळाने थेट भिंतीवर काम करतात आणि प्रदर्शन संपल्यावर ते पुसले जाते. म्हसे यांची शेणाने सारवलेली कापडे मात्र गुंडाळून जपली गेली. भिंतीवर लिहून विसरून जाण्याच्या परंपरेतून आलेला चित्रकार टिकणारी वस्तू घेऊन तेथे गेला होता, आणि टिकवण्याच्या परंपरेतून आलेला कलावंत न टिकणारी, ही त्या प्रदर्शनातील सर्वांत विचार करायला लावणारी बाब होती.

संग्रहालयांत पोहोचलेल्या या कापडांपुढे आता त्यांचे स्वतःचे प्रश्न आहेत. शेणाचा थर हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगतो आणि आकसतो, त्यावरचा ॲक्रिलिकचा थर मात्र त्याच प्रमाणात हलत नाही, आणि दोहोंच्या सांध्यात भेगा पडू शकतात. शेणात गोंद किती होता, कापड किती वेळा सारवले होते, ते उन्हात वाळवले की सावलीत, हे ठाऊक असेल तर दुरुस्तीची दिशा ठरवता येते. ही माहिती चित्राच्या मागे लिहिलेली नसते आणि खरेदीच्या कागदांतही येत नाही. ती गंजाड, विक्रमगड, जव्हार येथील घरांत कापड सारवणाऱ्या स्त्रियांच्या हाताच्या सवयीत आहे. भात झोडून कणग्या भरल्या गेल्या, पाऊस पूर्ण ओसरला आणि ऊन पक्के झाले की त्या वर्षभराची कापडे सारवायला घेतात, आणि लग्नसराई आली की त्याच घरांत पालघटासाठी लागेल तेवढेच तांदूळ आदल्या रात्री भिजत घालतात.